हार्ड डिस्कच्या शब्दांची उलटतपासणी

संगणकाच्या तासाला फळ्यावर एक आकृती हमखास काढली जाते. एक मोठे वर्तुळ, त्याच्या आत एकाहून एक लहान अशी पाच-सहा समकेंद्री वर्तुळे आणि केंद्रापासून परिघापर्यंत ओढलेल्या आठ रेषा. वर्तुळांना 'ट्रॅक' म्हणायचे, रेषांमुळे पडलेल्या फोडींना 'सेक्टर' म्हणायचे आणि अशा चार-पाच चकत्या एकीवर एक रचल्या की त्यातून 'सिलिंडर' तयार होतो असे सांगायचे. परीक्षेत व्याख्या विचारल्या जातात, विद्यार्थी त्या लिहितात आणि पूर्ण गुण मिळवतात. ही आकृती तीसेक वर्षांपूर्वीच खोटी ठरली आहे आणि तिच्यावरच्या तीन नावांपैकी दोन आज निव्वळ सवयीने टिकून आहेत, हे मात्र वर्गात सहसा सांगितले जात नाही.

परिभाषेवर बोलायचे म्हटले की आपल्याकडे वाद ठरलेला असतो : इंग्रजी शब्द तसेच ठेवावेत, की संस्कृतचा आधार घेऊन नवे घडवावेत? महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले, तेव्हापासून हा वाद निरनिराळ्या विषयांत चालू आहे. त्यात भर घालण्याची आमची इच्छा नाही. आमचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. जो शब्द आपण मराठीत आणू पाहतो, तो मुळात इंग्रजीत तरी खरा आहे का? एखादे नाव पडते तेव्हा ते वस्तूचे वर्णन असते. पुढे वस्तू बदलते, नाव तसेच राहते. इंग्रजी बोलणाऱ्याला त्याचे फारसे काही वाटत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ते आता केवळ नाव असते. पण आपण त्याचे शब्दशः भाषांतर केले की मेलेले वर्णन पुन्हा जिवंत होते. विद्यार्थी शब्दाचा अर्थ लावतो आणि त्या अर्थावर विश्वास ठेवतो. हार्ड डिस्कच्या परिभाषेत हा प्रकार पदोपदी दिसतो, म्हणून ती तपासायला घेतली आहे.

घरच्या आणि कचेरीच्या नव्या संगणकांत आता चकतीच्या जागी चिपा आल्या आहेत हे खरे. पण शाळांच्या प्रयोगशाळांत जुनी यंत्रे अजून चालू आहेत आणि जगभरच्या मोठमोठ्या माहिती केंद्रांत साठवणीचा बराचसा भार आजही फिरणाऱ्या चकत्याच उचलतात. शिवाय चिपांच्या साठवणीलाही लोक सर्रास 'हार्ड डिस्क' किंवा 'ड्राइव्ह' म्हणतात. तिच्यात चकती नाही आणि फिरवण्यासारखेही काही नाही. नाव वस्तूपेक्षा किती चिवट असते, त्याचा हा पहिला पुरावा.

या यंत्राचा जन्म अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे झाला. रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली आयबीएमच्या प्रयोगशाळेत घडलेले '३५०' हे साठवणीचे यंत्र सप्टेंबर १९५६ मध्ये 'रॅमॅक' या संगणकाचा भाग म्हणून जाहीर झाले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या एका उभ्या दांड्यावर बसवलेल्या होत्या. त्या मिनिटाला १२०० फेरे घेत. यंत्र मोठ्या कपाटांएवढे, वजन टनाच्या घरात आणि साठवण ५० लाख अक्षरांची. आज फोनवर काढलेले एखादे छायाचित्रसुद्धा तेवढी जागा सहज खाते. या यंत्राला त्या वेळी कुणी 'हार्ड डिस्क' म्हणत नसे. नुसते 'डिस्क' म्हणणे पुरेसे होते, कारण दुसरी कुठली डिस्क नव्हतीच. १९७१ मध्ये आयबीएमनेच पातळ, वाकणाऱ्या प्लॅस्टिकची आठ इंची चकती आणली. तिला लोक 'फ्लॉपी' म्हणू लागले आणि मग जुन्या धातूच्या चकतीला वेगळे ओळखण्यासाठी 'हार्ड' हे विशेषण रूढ झाले. मोबाइल आल्यावर आपण घरातल्या फोनला 'लँडलाइन' म्हणू लागलो, तसेच हे.

तेव्हा 'हार्ड' म्हणजे केवळ 'न वाकणारी'. भौतिकीत ज्याला 'दृढ' म्हणतात तेवढाच अर्थ. कुणी 'कठीण चकती' असे भाषांतर केले तर गणिताच्या पेपराची आठवण येऊन मुले हसतील, आणि ते परवडले. खरा गोंधळ त्याच्या पुढचा आहे. चुंबकत्वाच्या धड्यात 'हार्ड' आणि 'सॉफ्ट' हे शब्द वेगळ्याच अर्थाने येतात. नरम लोखंडाच्या खिळ्याभोवती तार गुंडाळून विद्युतप्रवाह सोडला की तो चुंबक होतो, प्रवाह बंद केला की चुंबकत्व जाते. पोलादाचे तसे होत नाही, ते चुंबकत्व धरून ठेवते. पहिला पदार्थ चुंबकीयदृष्ट्या मृदू, दुसरा कठीण. हाताला किती टणक लागतो याच्याशी या कठीणपणाचा संबंध नाही. चुंबकत्व उलटवायला किती जोर लावावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

आता चकती पाहा. ॲल्युमिनियम किंवा काचेच्या गाभ्यावर चुंबकीय पदार्थाचा थर असतो. जुन्या यंत्रांत तो गेरूच्या जवळच्या नात्यातल्या लोहाच्या ऑक्साइडचा असे, नंतर कोबाल्टच्या मिश्रधातूंचा आला. लिहिलेले टिकायचे असेल तर हा थर चुंबकीयदृष्ट्या कठीणच हवा. पण फ्लॉपीवरचा थरही त्याच कारणाने तसाच असावा लागे! म्हणजे 'मऊ' चकतीवरही कठीण चुंबक आणि 'हार्ड' चकतीच्या हेडमध्ये मात्र मृदू चुंबक, अशी ही अदलाबदल आहे. दोन्ही धडे एकाच वर्षी शिकणारा विद्यार्थी 'हार्ड डिस्क म्हणजे कठीण चुंबकाची डिस्क' असा अर्थ लावणार. उत्तर अर्धे बरोबर असते आणि कारण साफ चुकीचे. असे उत्तर तपासताना शिक्षकाची खरी पंचाईत होते. २०२४ पासून बाजारात आलेल्या एका नव्या जातीच्या डिस्कांवर तर थर इतका 'कठीण' असतो की साध्या तापमानाला हेडला तो उलटवताच येत नाही. म्हणून लेसरने सुईच्या अग्राहूनही कितीतरी लहान ठिपका क्षणभर चारशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापवतात, तेवढ्या वेळापुरता तो नरमतो, त्यावर लिहितात आणि तो लगेच निवतो. कठीण आणि मृदू हे शब्द शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी ठाऊक नाही, आणि ते 'हार्ड' या नावाच्या मागे झाकलेले आहे.

'रॅमॅक' या नावातली पहिली दोन अक्षरे 'रँडम ॲक्सेस'ची. या जोडशब्दाने आपल्याकडे बराच गोंधळ माजवला आहे. संख्याशास्त्रात 'रँडम'साठी 'यादृच्छिक' हा शब्द चांगला रुळला आहे. यदृच्छा म्हणजे योगायोग, नियम नसणे. नाणे फेकले तर छापा पडेल की काटा, हे यादृच्छिक. मग 'रँडम ॲक्सेस'चे 'यादृच्छिक प्रवेश' असे भाषांतर केले तर अर्थ काय निघतो? यंत्र कुठेही, कसेही, लहर लागेल तसे जाते! प्रत्यक्षात सांगायचे होते ते नेमके उलटे. तोवर हिशेब चुंबकीय फितीवर किंवा छिद्रे पाडलेल्या कार्डांवर असत. फितीवरचे हजारावे खाते पाहायचे तर आधीची नऊशे नव्व्याण्णव ओलांडावी लागत. चकतीवर मात्र हवे त्या खात्यापाशी थेट जाता येई, सरासरी सहा दशांश सेकंदात. येथे लहर माणसाची, यंत्राची नव्हे. इंग्रजीतही हा शब्द फारसा चांगला नव्हता. पुढे आयबीएमनेच या यंत्रांच्या वर्गाला 'डायरेक्ट ॲक्सेस' म्हणजे 'थेट पोच' असलेली साधने असे नाव दिले. मूळ भाषेने स्वतः सुधारून घेतलेली चूक आपण संस्कृतात जपून ठेवावी, याला अर्थ नाही. 'थेट पोच' म्हणा, नाही तर 'हवे तेथे पोच' म्हणा. आठवीतल्या मुलालाही कळेल.

याच जातीचा छोटा शब्द 'सीक टाइम'. त्याला 'शोधकाळ' म्हटले तर हेड काहीतरी शोधत हिंडते असे वाटते. हेड शोधत नाही. कुठे जायचे ते त्याला आधीच सांगितलेले असते, ते फक्त तेथे पोचते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कमध्ये एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हेड ट्रॅकवर पोचल्यावर हवा तो तुकडा खाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद, थांबावे लागते. त्रैराशिकाचे हे गणित वर्गात अवश्य करून घ्यावे.

आता फळ्यावरच्या त्या आकृतीकडे वळू.

'ट्रॅक' हा शब्द तिघांत सर्वांत निर्दोष. मराठीत त्याला 'मार्ग', 'पथ' असे पर्याय सुचतात. गाडीच्या चाकाने उमटते ती 'चाकोरी' हा तर आपल्या मातीतला सुरेख शब्द. पण चाकोरी खोल असते आणि चकतीवर खोदलेले काहीच नसते. पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत असतो, ट्रॅक दिसत नाही, बोटाला लागत नाही. कारखान्यात लिहिलेल्या खुणांच्या चुंबकीय इशाऱ्यांवरून हेड आपली जागा पदोपदी ताडून पाहते, एवढाच त्या ट्रॅकचा पुरावा. ग्रामोफोनच्या तबकडीची उपमाही येथे जपून वापरावी. तबकडीवर एकच लांबलचक खाच असते, बाहेरून आत वळत जाणारी. हार्ड डिस्कवर मात्र वेगवेगळी, स्वतंत्र, बंद वर्तुळे असतात. तुलना करायचीच तर ग्रहांच्या कक्षांची करावी. कक्षाही दिसत नाही आणि तरी तिची जागा ठरलेली असते. येथे फिरतो तो ग्रह नसून आकाशच, एवढा फरक सांगितला म्हणजे झाले.

'सेक्टर'ची गोष्ट निराळी. भूमितीत सेक्टर म्हणजे वर्तुळपाकळी : दोन त्रिज्या आणि त्यांच्यामधला कंस. दहावीच्या मुलांना तिचे क्षेत्रफळ काढता येते. डिस्कवर 'सेक्टर' म्हणजे एका ट्रॅकचा एक छोटा तुकडा. पाकळी नव्हे, पाकळीने कापलेला कंसाचा एक अरुंद पट्टा. सुरुवातीला त्या पट्ट्यांच्या सीमा खरोखरच त्रिज्यांवर येत, म्हणून पाकळीचे नाव पट्ट्याला मिळाले. पण त्या रचनेत मोठी उधळपट्टी होती. बाहेरच्या ट्रॅकचा परीघ आतल्याच्या दुपटीच्या आसपास, तरी दोन्हींवर तुकडे तेवढेच. म्हणजे बाहेरची नोंद विनाकारण पसरट. १९९०च्या सुमारास उत्पादकांनी चकतीचे अनेक पट्टे पाडले आणि बाहेरच्या पट्ट्यातल्या ट्रॅकांवर जास्त तुकडे बसवायला सुरुवात केली. लांब ओटीवर जास्त पाट मांडावेत, तसे. त्याबरोबर केंद्रापासून परिघापर्यंत जाणाऱ्या सरळ रेषा मोडल्या, फळ्यावरची कलिंगडाच्या फोडींसारखी आकृती मोडली, आणि नाव तेवढे उरले.

'सिलिंडर' हा शब्द १९६०च्या दशकातला. रॅमॅकमध्ये हेडांची एकच जोडी वरखाली ये-जा करी आणि हव्या त्या चकतीत शिरे. १९६१ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम १३०१ मध्ये प्रत्येक पृष्ठभागाला स्वतंत्र हेड आले आणि ती सारी हेडे फणीच्या दातांसारखी एकत्र हलू लागली. फणी एका जागी थांबली की सगळ्या चकत्यांवरचे एकाच त्रिज्येचे ट्रॅक एकाच वेळी हेडांखाली येतात. हे ट्रॅक मनातल्या मनात जोडले तर पोकळ वृत्तचिती तयार होते. कल्पना मोठी उपयोगाची होती. एकमेकांना लागून असलेली माहिती एकाच सिलिंडरात लिहिली तर फणी हलवावीच लागत नाही, आणि फणी हलवणे हेच सर्वांत वेळखाऊ काम. म्हणजे 'सिलिंडर' या शब्दात नुसता आकार नव्हता, काम कसे करावे याचा सल्ला होता.

आज इंचात काही लाख ट्रॅक बसतात. दोन ट्रॅकांमधले अंतर शंभर नॅनोमीटरहूनही कमी. एवढ्या दाटीत वरच्या चकतीवरचे हेड आपल्या ट्रॅकवर बरोबर असताना खालचेही असेल, याची खात्री राहत नाही. तापमानातला किरकोळ बदल, फणीच्या दातांची सूक्ष्म वाकवाकी, एवढेही पुरे होते. हेड बदलले की ते पुन्हा जागेवर आणावे लागते. सिलिंडर कागदावर राहिला, आणि कागदावरची त्याची कहाणी अधिक मजेची आहे.

वैयक्तिक संगणकाला डिस्कवरचा तुकडा मागायचा तर तीन आकडे सांगावे लागत : कितवा सिलिंडर, कितवे हेड, कितवा सेक्टर. संगणकाच्या मूळ आज्ञावलीने या आकड्यांसाठी जागा राखून ठेवली होती : सिलिंडर १०२४ पर्यंत, हेडे २५६ पर्यंत, सेक्टर ६३ पर्यंत. डिस्कच्या जोडणीच्या नियमांत मात्र जागा वेगळ्या होत्या. तेथे सिलिंडर ६५,५३६ पर्यंत चालत, पण हेडे १६ च. दोन कचेऱ्यांचे दोन छापील अर्ज असावेत आणि प्रत्येकात वेगळ्याच रकान्यात चौकटी कमी असाव्यात, तसे झाले. दोन्ही अर्जांत बसेल तेवढेच चालणार! १०२४ गुणिले १६ गुणिले ६३, आणि प्रत्येक तुकड्यात ५१२ बाइट. गुणाकार ५२,८४,८२,३०४ बाइट येतो. १९९३-९४ च्या सुमारास याहून मोठ्या डिस्का बाजारात आल्या तेव्हा अनेक संगणकांना त्यांचा वरचा भाग दिसेचना. डिस्क धडधाकट, संगणक धडधाकट, आणि अडले होते ते तीन शब्दांवर.

मग तोडगा निघाला तो लबाडीचा. डिस्क खोटे सांगू लागली. आत दोन चकत्या आणि चार हेडे असली तरी 'मला सोळा हेडे आहेत' म्हणून सांगायचे, म्हणजे आकडे अर्जात बसतात. १६ हेडे म्हणजे ८ चकत्या. त्या एक इंच जाडीच्या डबीत मावतील का, हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारून पाहावा. पुढे ८.४ अब्ज बाइटांपाशी पुन्हा भिंत लागली, तेव्हा त्याहून मोठ्या सर्व डिस्कांनी एकच ठरावीक उत्तर द्यायचे ठरले : १६,३८३ सिलिंडर, १६ हेडे, ६३ सेक्टर. डिस्क दहा अब्ज बाइटांची असो की दहा हजार अब्जांची, विचारले तर हेच सांगणार. खरा व्यवहार तोवर साध्या अनुक्रमांकावर आला होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत तुकड्यांना ओळीने आकडे, बस्स. कुठला तुकडा कुठल्या चकतीवर आहे, ते डिस्कचे डिस्कलाच ठाऊक. आता तर 'सेक्टर'ही आतून ४०९६ बाइटांचा असतो आणि अनेक डिस्का बाहेर ५१२ चाच असल्याचे भासवतात.

आमचा आक्षेप या लबाडीवर नाही. जुन्या आज्ञावली चालू ठेवण्यासाठी ती गरजेची होती. आक्षेप आहे तो शिकवण्यावर. 'सिलिंडर म्हणजे काय?' हा प्रश्न आपण 'हृदयाचे कप्पे किती?' या थाटात विचारतो, जणू डिस्क उघडली की सिलिंडर दिसेल. तो इतिहासातला प्रश्न आहे, आणि इतिहास म्हणून शिकवला तर अतिशय चांगला आहे. 'वृत्तचिती' असे भाषांतर करून रचनेचा भाग म्हणून शिकवला तर मात्र आपण एका खोट्याला भूमितीची प्रतिष्ठा देतो. 'सिलिंडर' हा शब्द मराठी कानाला निदान परका आणि गॅसचा वाटतो. त्यामुळे तो फारसे आश्वासन देत नाही. या एका ठिकाणी परका शब्द ठेवण्याच्या बाजूने आमचे मत आहे.

'हेड' या शब्दाबद्दल भाषेची तक्रार नाही. टेपरेकॉर्डरचे हेड स्पिरिटने पुसणाऱ्या पिढीने तो केव्हाच मराठी करून टाकला. तक्रार वेगळी आहे. 'वाचन-लेखनाचे हेड' असे एकवचनी नाव दिल्याने एकच वस्तू दोन्ही कामे करते असे वाटते. पूर्वी तसे होते. एकच वेटोळे लिहिताना विद्युतचुंबक होई आणि वाचताना फॅरडेच्या नियमाने त्याच्यात विद्युतदाब निर्माण होई. पण तुकडे बारीक झाले तसा तो दाब क्षीण झाला. आज लिहिणारे वेटोळे आणि वाचणारा पापुद्रा या शेजारी बसवलेल्या दोन निराळ्या वस्तू आहेत. वाचणाऱ्याचा विद्युतरोध चुंबकीय क्षेत्रानुसार बदलतो आणि तो बदल मोजला जातो. १९८८ मध्ये आल्बेर फेर आणि पेटर ग्र्युनबर्ग यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या एका परिणामावर आधारलेली अशी हेडे १९९७ मध्ये डिस्कांत आली. त्या शोधाला २००७ चे भौतिकीचे नोबेल मिळाले. हार्ड डिस्क शिकवताना फॅरडेपाशी थांबायचे की पुढे जायचे, हे शिक्षकाने ठरवावे. पण थांबलो आहोत, हे सांगावे.

हेड चकतीला टेकत नाही, 'उडते'. हा शब्द मात्र अक्षरशः खरा. फिरणाऱ्या चकतीबरोबर ओढली जाणारी हवा हेडला उचलून धरते. रॅमॅकमध्ये ही उंची सुमारे २० मायक्रोमीटर होती आणि त्यासाठी दाबाखालची हवा सोडावी लागे. आज ती काही नॅनोमीटर आहे. डिस्कच्या डबीत निर्वात असते असा एक गैरसमज आहे. निर्वात असते तर हेड उडालेच नसते. साध्या डिस्कवर हवेसाठी बारीक भोक ठेवलेले असते आणि सुमारे ३००० मीटरपर्यंतच ती चालवावी अशी सूचना असते. कळसूबाईच्या माथ्यावर, म्हणजे १६४६ मीटरवर, तिला काही होणार नाही, लेहमध्ये मात्र तिची हमी संपते. २०१३ पासून हवेऐवजी हेलियम भरलेल्या बंद डबीच्या डिस्काही मिळतात. हेड खाली येऊन चकतीला घासले की 'क्रॅश'. गंमत अशी की मराठीत आपण नेमके तेव्हा म्हणतो, "डिस्क उडाली!"

जुन्या पुस्तकांत कधी 'विंचेस्टर डिस्क' असा शब्द भेटतो. १९७३ च्या आयबीएम ३३४० या यंत्राची आखणी आधी ३० मेगाबाइटांचे दोन भाग अशी होती. '३०-३०' म्हटल्यावर प्रकल्पाचे प्रमुख केनेथ हॉटन यांना त्या नावाच्या काडतुसाची आणि विंचेस्टर बंदुकीची आठवण झाली, आणि तेच टोपणनाव पडले. प्रत्यक्षात यंत्र निघाले ते ३५ आणि ७० मेगाबाइटांचे. या नावात वर्णन काहीच नाही आणि म्हणून त्याने कुणाची दिशाभूलही केली नाही.

नव्या शब्दांत एक मात्र मराठीत आणण्याजोगा आहे. २०१३ पासून काही डिस्कांत ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवून लिहितात. इंग्रजीत त्याला छपराच्या लाकडी फळकुटांवरून नाव दिले आहे. आपण सरळ 'कौलारू' म्हणावे. कोकणातल्या मुलाला पुढचे सांगावेही लागणार नाही. कौले एकमेकांवर चढवली की तेवढ्याच छपरावर जास्त ओळी बसतात. पण मधले एक कौल बदलायचे तर त्यावर चढलेलीही हलवावी लागतात. कौलारू डिस्कचेही तेच : नवे लिहीत जाणे सोपे, मधले बदलणे महाग. २०२० मध्ये ग्राहकांनी ओरड केली, कारण काही डिस्का अशा आहेत हे विकताना सांगितलेच नव्हते. येथे भाषांतर मुळापेक्षा सरस ठरते, कारण वर्णन अजून खरे आहे आणि आपल्या घरावरचे आहे.

एक हजार अब्ज बाइटांची, म्हणजे एक टेराबाइटची, डिस्क विंडोजच्या संगणकाला जोडली की तो ९३१ गीगाबाइट दाखवतो. 'बाकीचे कुठे गेले?' हा प्रश्न विद्यार्थी विचारतातच, आणि 'ते संगणक स्वतःसाठी ठेवतो' असे उत्तर अनेकदा दिले जाते. ते चूक आहे. कारखानदार गीगा म्हणजे १००,००,००,००० धरतो आणि विंडोज १०२४ चा घन, म्हणजे १०७,३७,४१,८२४ धरते. भागाकार केला की ९३१ येतात. काही हरवलेले नाही, एका उपसर्गाचे दोन अर्थ आहेत. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १०२४ च्या पटींसाठी किबी, मेबी, गिबी असे वेगळे उपसर्ग ठरवून दिले, पण बाजारात ते फारसे चालले नाहीत. '१.४४ मेगाबाइट'च्या फ्लॉपीने तर कमाल केली होती. तिची साठवण १४,७४,५६० बाइट. हजाराने दोनदा भागले तर १.४७, १०२४ ने दोनदा भागले तर १.४१. एकदा हजाराने आणि एकदा १०२४ ने भागले तरच १.४४! विज्ञानाच्या शिक्षकाने एककाबद्दल एवढे हळवे असावे का, असे कुणी म्हणेल. मीटरला दोन अर्थ असते तर आपण चालवून घेतले असते का?

शेवटचे दोन शब्द 'डिलीट' आणि 'फॉरमॅट'. येथे प्रश्न गुणांचा नाही. 'डिलीट'ला आपण 'पुसणे' म्हणतो. पाटी पुसल्यावर अक्षर उरत नाही. डिस्कवर फाइल 'पुसली' की बहुधा फक्त अनुक्रमणिकेतली तिची नोंद जाते आणि जागा मोकळी असल्याचे लिहिले जाते. मजकूर जागच्या जागी असतो, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत. 'फॉरमॅट मारला' म्हणजे सगळे साफ, हीही सार्वत्रिक समजूत. झटपट फॉरमॅट नवी कोरी अनुक्रमणिका घालते, पाने जुनीच राहतात. विंडोजच्या २००७ मधल्या आवृत्तीपासून पूर्ण फॉरमॅट संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहितो. तो तासन्‌तास चालतो, आणि म्हणूनच कुणी निवडत नाही. 'पुसणे' ऐवजी 'नोंद काढणे' म्हटले तर विद्यार्थी आपोआप विचारेल : मग मजकुराचे काय झाले?

शाळेतले जुने संगणक भंगारात जातात किंवा दुसऱ्या शाळेला दिले जातात. त्यांच्या डिस्कांवर मुलांची नावे, जन्मतारखा, जातीचे दाखले, आधार क्रमांक, बँकेची खाती असतात. फॉरमॅट मारून दिलेली डिस्क ही टाळे न लावलेले कपाट आहे. चालू डिस्कवर संपूर्ण शून्ये लिहावीत. बंद पडलेली असेल तर ती संगणकातून काढून शाळेतच ठेवावी. चिपांच्या साठवणीची रीत निराळी आहे, तिला उत्पादकाने दिलेली पुसण्याची आज्ञाच वापरावी लागते.

बंद पडलेली डिस्क प्रयोगशाळेत उघडायला उत्तम. झाकणाचे स्क्रू ताऱ्याच्या आकाराचे असतात, त्यासाठी तसाच पेचकस लागतो. चकती काचेची असू शकते, तेव्हा ती वाकवू नये. फणीच्या बुडाशी असलेले निओडिमियमचे दोन चुंबक फार जोरदार असतात. ते सुटले की एकमेकांवर आदळतात आणि मध्ये बोट आले तर चिमटते, म्हणून ते शिक्षकांनी स्वतः काढावेत.